फळ्यावर वेसचं नाव

रविवारी दुपारी नावं सांगायची वेळ झाली, की माझ्या बारमध्ये कुणी मध्येच तोंड उघडायचं नाही. उघडलं, तर मी त्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवते, मग तो चर्चमधून थेट आलेला पाद्री का असेना. बाकीच्या जगात लोक फोनवर बोट फिरवून आपला फँटसीचा संघ लावतात आणि शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. आमच्याकडे तसलं चालत नाही. फोनवर काय लावायचं ते लावा, पण आधी सगळ्यांदेखत उभं राहून तोंडाने सांगायचं, आज कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार. मी ते खडूने फळ्यावर लिहिते, बसणाऱ्यांची नावं सगळ्यात शेवटी, 'बाक' या शब्दाखाली. एकदा लिहिलं की लिहिलं. ही पद्धत माझ्या वडिलांनी घातली. तेव्हा फोन भिंतीला टांगलेला असायचा आणि कोण किती पळालं ते सोमवारच्या पेपरात कळायचं. वडील गेले, बार माझ्या गळ्यात पडला आणि त्याच्याबरोबर फळाही.

आमचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून पळायचं आणि समोरच्या धिप्पाड गड्यांनी येऊन आपटायचं, तो. फँटसी म्हणजे, हंगामाच्या सुरुवातीला आमच्या लीगमधली माणसं खरेखुरे व्यावसायिक खेळाडू आपसात वाटून घेतात. ते रविवारी मैदानात जेवढं पळतील, जेवढे टचडाउन करतील, म्हणजे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडतील, तेवढे गुण त्यांच्या मालकाला. पण गुण फक्त खेळवलेल्यांचे धरतात. बाकावर ठेवलेल्याने मैदानात आभाळ खाली आणलं तरी मालकाच्या पदरात शून्य. म्हणून आमची माणसं आठवडाभर डोकी खाजवत बसतात, याला खेळवू की बसवू. बायकोचा वाढदिवस विसरतील, हे नाही विसरणार.

अर्ल हॅलुस्काला मात्र एका जागेपुरतं डोकं कधी खाजवावं लागलं नाही. अर्ल म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, मॅरियनचा नवरा. नदीकाठची पोलादाची भट्टी बंद पडेपर्यंत तो तिथेच होता, कान तिथेच देऊन आला. आता फोन आला की तो स्पीकरवर टाकतो आणि टेबलावर ठेवतो, त्यामुळे त्याच्या घरातलं काहीही गावापासून लपलेलं नाही. त्याचा एकुलता एक मुलगा वेस्ली, आमचा वेस, खरोखरचा व्यावसायिक खेळाडू आहे. दक्षिणेकडच्या एका संघात चेंडू घेऊन पळतो. पिट्सबर्ग शहराच्या वरच्या अंगाला आमच्यासारख्या उजाड झालेल्या गावातून एखादंच पोर तिथवर पोचतं. म्हणून आमच्या लीगमध्ये नियमच झाला, की वेसला दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. तो बापाचा.

आणि बापाने त्याला एकदाही बसवलं नाही. मांडीची शीर ताणली होती तेव्हा नाही, संघाने त्याला कडेला पाणी द्यायला उभं केलं होतं तेव्हाही नाही. वेसचे शून्य गुण घेऊन अर्ल हरायचा, लीगमधल्या ग्लेन पेट्राकचे टोमणे ऐकायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा उभा राहून पहिलं नाव घ्यायचा, "वेस." मॅरियन होती तेव्हा तीच त्याला बजावायची, "माझं पोर बाकावर दिसलं, तर रात्रीचं जेवण विसर." ती गेली तीन हिवाळ्यांपूर्वी. तिचं म्हणणं अर्लने पाळलं.

नावं लिहून झाली की मी फळ्याचा फोटो काढून वेसला पाठवते. लहानपणी तो माझ्या उंच स्टुलावर चढून स्वतः नावं लिहायचा, खडूने नाक पांढरं करून घ्यायचा. आता तो सामन्याआधी हेल्मेट चढवायच्या आत तो फोटो बघतो. मला म्हणाला होता, "मावशी, फोटो आला नाही ना, तर पाय बांधल्यासारखे वाटतात." बापलेकांचं बोलणं तसं कमीच. दोघेही मुलखाचे घुमे. त्या फोटोतल्या पहिल्या नावात काय ते बोलून घ्यायचे.

गेल्या नोव्हेंबरमध्ये वेसला एका सामन्यात डोक्यावर मार बसला. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तो पडला, उठला, चालू लागला आणि थेट समोरच्या संघाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिथल्या एका पोराने त्याचा दंड धरून त्याला वळवलं. बारमध्ये हशा पिकला. मीही हसले. अर्ल तेवढा हसला नाही, हातातला पिरोगी, आमच्याकडची बटाट्याची करंजी, तसाच ताटलीत ठेवून बसून राहिला.

बुधवारी संध्याकाळी तो माझ्याकडे सूप पीत असताना वेसचा फोन आला. नेहमीसारखा टेबलावर, स्पीकरवर. वेस चांगला बोलत होता. डॉक्टरांनी तपासलं, चाचणी घेतली, पास झालो, रविवारी खेळतोय म्हणाला. हवा कशी आहे विचारलं, बर्फ पडला का विचारलं. मग म्हणाला, "आई कुठेय? दे तिला फोन."

अर्ल फोनकडे बघत राहिला. त्याला ऐकू आलं नसेल असं मला क्षणभर वाटलं, पण त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला होता.

"वेस," तो शेवटी म्हणाला. "काय म्हणालास?"

मग वेस हसला आणि गंमत केली म्हणाला. लगेच संघाची बैठक आहे सांगून फोन ठेवला. असली गंमत कोण करतं? वेस तर आईच्या कबरीवर दर उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने गवत काढणारा मुलगा.

अर्ल चमचा हातात धरून बसला. मग मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हंगाम सुरू व्हायच्या आधी संघ प्रत्येकाची डोक्याची चाचणी घेतो. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या. डोक्याला मार बसला, की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि आधीच्या निकालाशी ताडून बघतात. तर आमचे शहाणे त्या पहिल्या चाचणीतच मुद्दाम चुका करून ठेवतात, म्हणजे पुढे मार बसला तरी फरक दिसायला नको. वेसनेही तेच केलं होतं. ऑगस्टमध्ये घरी आला तेव्हा मागच्या अंगणात मांस भाजताना त्याने ते बापाला हसत सांगितलं होतं.

"आणि तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी पण हसलो," अर्ल म्हणाला. "हुशार निघालास म्हणालो."

मी त्याला बोलणार होते, चांगलं घालूनपाडून बोलणार होते. पण तो माणूस माझ्यासमोर इतका म्हातारा दिसायला लागला, की मी उठून त्याचं सूप गरम करून आणलं. ते त्याने प्यायलं नाही.

गुरुवारी त्याने वेसला फोन केला. सरळ सांगितलं, या रविवारी खेळू नकोस, डॉक्टरांना खरं काय ते सांग. वेस भडकला. त्याचा करार या हंगामात संपत होता आणि त्याच्या मागे टिलरी नावाचं एक तरणं पोर जागेवर डोळा ठेवून होतं. एक रविवार बसलो की जागा गेली, हे तुला कळत नाही का, म्हणाला. सगळं आयुष्य मला उठ म्हणालास, आता बस म्हणतोस? अर्लने पुन्हा फोन केला तेव्हा त्याने उचलला नाही. मग अर्लने त्याच्या संघाच्या कचेरीत फोन लावला. तिथली बाई गोड बोलली. खेळाडूच्या तब्येतीबद्दल घरच्यांशी बोलता येत नाही, तो सज्ञान आहे, म्हणाली. अर्ल तिला सांगत राहिला की मी त्याचा बाप आहे आणि ती सांगत राहिली की हो, ते मला समजतंय.

शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. फळ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तो माझा फोन उचलत नाही, डोरी. पण हा फोटो बघेल."

मला समजलं. मी म्हटलं, सामन्याच्या तोंडावर पोराचं मन मोडशील, तो तसाच मैदानात उतरला तर भलतंच व्हायचं. अर्ल म्हणाला, मोडू दे. मन मोडलेलं बरं.

त्या रविवारी बार खचाखच भरला होता. अर्ल आणि ग्लेनचा सामना होता आणि जिंकणारा लीगच्या बाद फेरीत जाणार होता. ग्लेन पेट्राकचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, जिभेला हाड नाही, मनाने वाईट नाही. त्यात वेसच्या समोरचा संघ त्या हंगामातला सगळ्यात लेचापेचा, कुणीही उठावं आणि त्यांच्यातून पळत जावं. टीव्हीवरचे झाडून सगळे जाणकार सांगत होते, वेस हॅलुस्काला डोळे मिटून खेळवा. अर्लकडे त्याच्या जागी कोण होतं, तर गुडघा दुखावलेला एक जुना गडी, ज्याला त्याचा स्वतःचा संघही फारसा विचारत नव्हता.

आमच्याकडे गुणांत मागे असलेला आधी बोलतो. अर्ल उठला. टोपी काढून हातात घेतली. एरवी कधी काढत नाही. त्याने नावं घेतली, एकेक करून, आणि मी लिहीत गेले. पहिलं नाव वेसचं नव्हतं. दुसरं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सगळी नावं संपली, मग तो म्हणाला, "बाकावर. वेस."

खडू माझ्या हातात मोडला. उरलेल्या तुकड्याने मी लिहिलं.

आतल्या स्वयंपाकघरात कढईतलं तेल तडतडत होतं. मग ग्लेनचे डोळे लकाकले. त्याला काय वाटलं ते मला तिथल्या तिथे कळलं, बाकीच्यांनाही तेच वाटलं. बापाने पोराला बसवलं, म्हणजे बापाला आतली खबर आहे, वेस आज खेळत नाही. ग्लेनने घाईघाईने फोन काढला, लीगमध्ये अजून कुणी न घेतलेल्या, वेसच्या जागी उतरेल अशा त्या टिलरीला आपल्या संघात ओढलं आणि त्याच्यासाठी आपला हक्काचा, दर रविवारी धावून येणारा गडी बाकावर टाकला. नावं सांगताना अर्लकडे बघून डोळा मारला. अर्लचं लक्षच नव्हतं.

मी फोटो काढला. पाठवायचं बटण दाबायला माझं बोट धजेना. अर्ल जवळ येऊन उभा राहिला. तेव्हा मी पाठवला. वेसने तो बघितल्याची खूण लगेच उमटली. उत्तर काही आलं नाही. आम्ही दोघं टीव्हीकडे बघत बसलो, संघ बाहेर येताना मोजत बसलो. मी मनात मॅरियनला म्हणत होते, अडव गं बाई त्याला, तू तरी अडव.

वेस बाहेर आला. हेल्मेट घालून, सगळ्यांच्या पुढे, पळत.

आणि कसा खेळला म्हणून सांगू! असा तो कधीच खेळला नव्हता. पहिल्यांदाच चेंडू मिळाला आणि तो कडेकडेने थेट शेवटच्या रेषेपर्यंत गेला. थोड्या वेळाने पुन्हा. टीव्हीवरचा माणूस ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता. एरवी अशा वेळी माझ्या बारचं छप्पर उडालं असतं. त्या दिवशी लोक टाळ्या वाजवायचे आणि चोरून अर्लकडे बघायचे. त्याच्या बाकावर गुणांचा ढीग पडत होता आणि त्याला त्यातला एकही मिळत नव्हता. पण अर्ल गुण बघतच नव्हता. दर वेळी वेस खाली पडला की अर्ल खुर्चीतून अर्धा उठायचा, तो उठून उभा राहिला की मग खाली बसायचा.

टिलरी एकदाही मैदानात उतरला नाही. मध्यंतरात ग्लेनचा तिळपापड झाला. त्याने फळ्यावर बाकावर टाकलेला हक्काचा गडीही तिकडे खऱ्या मैदानात टचडाउन करत होता. तो उठून अर्लच्या टेबलापाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागला. पोराचं नाव वापरून डाव टाकलास, म्हणाला. इतकी वर्षं घरचा माणूस, घरचा माणूस करत राहिलास, आणि ऐन वेळी त्यालाच माझ्यासाठी गळाला लावलंस. मॅरियन असती तर तिला लाज वाटली असती.

कुणाला सांगू नकोस असं अर्लने मला बजावलं होतं. पण बहिणीचं नाव काढल्यावर मी कशाला कुणाचं ऐकते! फडकं आपटलं आणि काउंटरच्या बाहेर आले.

"ग्लेन," मी म्हटलं, "बुधवारी वेसचा फोन आला होता. आईला फोन दे म्हणाला."

ग्लेन माझ्याकडे बघत राहिला. मॅरियनची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो होता. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्याने अर्लकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि हळूच खुर्ची ओढून अर्लच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने वेसने तिसरा टचडाउन केला. चौघांना अंगावर घेत, डोकं खाली घालून, रेषेपलीकडे पडला. अख्खं मैदान उभं राहून ओरडत होतं. माझ्या बारमध्ये कुणी टाळी वाजवली नाही. तो उठेपर्यंत सगळे नुसते बघत होते.

अर्ल ग्लेनकडून हरला. अगदी थोडक्यात, पण हरला.

सोमवारी सकाळी अर्ल माझ्याकडे अंडी खायला आला आणि खाता खाता फोन वाजला. टेबलावर, स्पीकरवर. मी आत जायला निघाले, तर त्याने हाताने खूण करून मला थांबवलं.

"बाबा," वेस म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, झोपेतून उठलेल्या पोरासारखा. "तू मला बसवलंस."

"हो."

"बघितला मी फोटो. मावशीने लिहिलेलं. शेवटी, बाकाखाली." थांबला. "बाबा, आम्ही जिंकलो ना?"

अर्लने माझ्याकडे बघितलं. "जिंकलात."

"मी काय केलं?"

"तीन टचडाउन केलेस."

"कसे?" वेसने विचारलं. "सांग ना. इथे सगळे पाठ थोपटतायत, मी हसतोय. पण मला तो फोटो आठवतो, आणि त्यानंतर एकदम विमानातली खिडकी. मधलं काही नाहीच."

अर्लने सांगायला सुरुवात केली. आयुष्यात एका दमात इतकं बोलला नसेल. पहिल्यांदा कडेने कसा गेलास, दुसऱ्यांदा त्या उंच गड्याला कसं चकवलंस, पाऊस सुरू झाल्यावर चेंडू दोन्ही हातांत कसा धरलास. पोराला झोपवताना गोष्ट सांगावी, तसं सांगत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. वेस मध्ये मध्ये हुंकार देत होता. शेवटच्या टचडाउनपाशी अर्ल थांबला.

"बाबा," वेस म्हणाला. "आई नाहीये ना?"

"नाही रे, बाळा."

"माहितीये मला. आज माहितीये. बुधवारी माहीत नव्हतं. गंमत नव्हती केली मी." त्याचा श्वास ऐकू येत होता. "पुढच्या रविवारी पण मला तिथेच ठेव. मी डॉक्टरकडे चाललोय. चाचणीचं सांगतो त्यांना."

"ठेवतो," अर्ल म्हणाला.

डॉक्टर पुन्हा खेळू देतील की नाही, करार पुढे होतो की नाही, ते अजून नक्की नाही. वेस घरी आलाय. सकाळी बापाबरोबर नदीपर्यंत चालत जातो, उन्हाकडे तोंड केलं की डोकं दुखतं म्हणून मॅरियनची जुनी पांढरी टोपी घालतो. टिलरीला त्याची जागा मिळाली.

त्या फोननंतरच्या रविवारी बार पुन्हा भरला होता. अर्ल बाद फेरीत पोचलाच नव्हता, त्याला नावं सांगायचं काही कारण नव्हतं, तरी तो टोपी हातात घेऊन उठला. एकच नाव घेतलं आणि कुठे लिहायचं ते सांगितलं. वेस कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. मी खडू त्याच्यापुढे धरला, तो उठून फळ्यापाशी आला आणि बाकाखाली आपलं नाव लिहिलं, हळूहळू, लहानपणी लिहायचा तसं. ग्लेनने आधी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन कढईखालचा जाळ कमी केला आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.